खोकला पुसू नका

कुंडलहून विट्याकडं जाताना माझं आजोळ लागतं. तिथं १९९३च्या उन्हाळ्यात थोरल्या मामानं तात्यांची मुलाखत टेप केली होती. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बेचाळीसच्या चळवळीत ते विशीच्या आतले. मामा हायस्कुलात शिक्षक. त्यानं साठ मिनिटांची कॅसेट भरली, ती ऐकून तीन पानं लिहून काढली, टाईप करून घेतली आणि घरातल्या सगळ्यांना एकेक प्रत दिली. मी कॉलेजात असताना ती वाचली. त्यात एक वाक्य होतं : 'भूमिगतांना आम्ही रात्री भाकरी पोहोचवत असू.' आपल्या घरातही कुणीतरी लढलं होतं याचा मला फार अभिमान वाटला होता.

दोन वर्षांपूर्वी मामानं माळा आवरला आणि मूळ कॅसेट माझ्याकडं आली. भाकरीचं ते वाक्य अकराव्या मिनिटाला येतं. तात्या म्हणतात, "आम्ही भाकरी पोहोचवायचो," आणि त्यांना खोकल्याची उबळ येते. त्या खोकल्याच्या मागून, लांबून, बहुधा स्वयंपाकघराच्या दारातून आज्जीचा आवाज येतो : "तुमी कवा पोचवल्या? थापल्या आमी, दोन-दोन पायलीच्या. न्हेल्या त्या पोरीनं, पाटीत वर शेणी रचून. तुमी वाडग्यात झोपला हुता." तात्या हसतात. मामाही हसतो. आणि पुढचा प्रश्न विचारतो.

पानांवर यातलं काही नाही. मामानं मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. तो तात्यांची मुलाखत घ्यायला बसला होता. आज्जी मध्ये बोलली ती त्याच्या लेखी घरातली गडबड होती, कुकरच्या शिट्टीसारखी. खोकला गाळला तसं तेही गाळलं. पण बायकांनी पीठ दळलं, भाकरी थापल्या आणि एका लहान पोरीनं पोलिसांच्या नजरेसमोरून त्या नेल्या, एवढा इतिहास त्या खोकल्याआड होता. मी ती कॅसेट चाळीसेक वेळा ऐकली असेन. जुना आवाज इतिहासाचा पुरावा म्हणून कसा ऐकायचा, त्यातून काय कळतं, कुठं फसायला होतं, हे मी तिथं शिकले. तेच इथं सांगते.

आधी गाणं साठलं

सांगलीकरांना १८४३ हे साल पाठ असतं. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक उभं राहिलं. त्या नाटकाबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे, पण सूत्रधार कुठल्या पट्टीत गायचा, राक्षस आरोळी कशी ठोकायचा, हे कधीच कळणार नाही. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. त्याआधी माणूस मेला की त्याचा आवाजही गेला, मग तो राजा असो की रामोशी.

आपल्याकडं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि १९०२च्या नोव्हेंबरात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्या काळच्या तबकड्यांवर गाणं संपताच गायिका इंग्रजीत घाईनं सांगते, 'माय नेम इज गौहरजान'. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो तोरा वाटतो. कारण साधं होतं. ध्वनिमुद्रणाचे साचे तबकड्या काढायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कारागिराला कुठला साचा कुणाचा हे समजायला हवं, म्हणून गाणाऱ्यानं आपलं नाव बोलून ठेवायचं. पुढं छापील लेबलं नीट लागायला लागली आणि ही पद्धत मागं पडली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या आवाजाबरोबर नाव, गाव, तारीख नाही, तो कितीही गोड असला तरी इतिहासाच्या कामी अर्धाच येतो.

आता मिरजेकडं वळू. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली वारले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथं आजही गाण्याच्या बैठका होतात. त्यांच्या तबकड्या आज कुणालाही फोनवर ऐकता येतात. पण त्या ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली, वेळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवायचं होतं. तेव्हा तबकडीतला राग हा मैफलीतला राग नव्हे. घड्याळाकडं बघून कातरलेला राग आहे. संगीत नाटकांचंही तसंच. थिएटरात 'वन्स मोअर' घेत रंगलेलं पद तबकडीवर तीन मिनिटांत उरकतं. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून 'एवढ्यासाठी लोक पहाटेपर्यंत बसायचे?' असं कुणाला वाटलं, तर दोष आवाजाचा नाही, तबकडीच्या मापाचा आहे.

दुसरी गोष्ट, वेग. या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात असं आपण सरसकट म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. ७४ वर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर आवाज साडेपाच टक्क्यांच्या आसपास चढतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गायलेलं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवणाऱ्याला हा फरक झोपेतही कळेल. आपल्याला कळत नाही, आणि आपण 'त्या काळच्या गवयांचे आवाज किती उंच' म्हणत बसतो.

या भागाला आवाज मोजायचं वेडही जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांची, नेमकी मोजणी करत होते. त्यात क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते आणि सूर लावून दाखवायला खुद्द अब्दुल करीम खाँ. त्यांची कोष्टकं छापलेली आहेत. पण कोष्टक म्हणजे त्यांच्या कानांनी दिलेला निकाल. तबकडीवरचा सूर मात्र आज कुणीही संगणकावर पुन्हा मोजू शकतो आणि वेगळा निकाल देऊ शकतो. अस्सल आवाज जपून ठेवण्याचा हा मोठा फायदा : पुढच्या माणसाला आपल्याशी भांडता येतं.

ज्यांनी कधी लिहिलं नाही

कागदावरचा इतिहास लिहिता येणाऱ्यांचा असतो. वतनदार, कारकून, फौजदार, वकील. आमच्या आज्जीला सहीसुद्धा येत नव्हती. आवाज साठवण्याचं यंत्र आलं तेव्हा पहिल्यांदा अशी माणसं स्वतःच्या तोंडानं इतिहासात यायची सोय झाली. सोय झाली म्हणजे ती लगेच आली असं मात्र नाही.

पहिल्या महायुद्धाचं बघा. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव, लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. त्या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात पडले. त्यांच्या स्मरणाचा फलक गावात आहे. फलकावर आकडा असतो, आवाज नसतो. पण त्याच युद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी शिपायांचे आवाज बर्लिनमध्ये आजही आहेत. विल्हेल्म डोगेन नावाच्या माणसाच्या पुढाकारानं जर्मन अभ्यासकांनी १९१५ ते १९१८ या काळात युद्धकैद्यांच्या छावण्यांत फिरून शेकडो भाषा-बोलींचे नमुने तबकड्यांवर घेतले. बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फच्या छावणीत मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायानं ११ डिसेंबर १९१६ रोजी भोंग्यापुढं उभं राहून जे सांगितलं ते थोडक्यात असं : एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, इंग्रजानं त्याला लढाईवर आणलं, जर्मनांनी पकडलं, आता त्याला घरी जायचंय. स्वतःबद्दल बोलतोय, पण 'मी' म्हणत नाही.

जर्मनांना त्याच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना उच्चार हवे होते. आज आपण तीच तबकडी ऐकतो ती त्याच्या दुःखासाठी. एका कामासाठी भरलेला आवाज शंभर वर्षांनी दुसऱ्याच कामाला येतो, हे जुन्या ध्वनिमुद्रणात पुन्हा पुन्हा दिसतं. इंग्रज राजवटीत ग्रिअर्सन या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तिच्यातही तसंच झालं. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट वेगवेगळ्या भाषांतल्या माणसांकडून त्यांच्या बोलीत सांगून घेतली, त्यातल्या बऱ्याच तबकड्यांवर उतरवल्या. हेतू व्याकरणाचा होता. आज ऐकताना आधी कानात भरतो तो बोलताना अडखळणारा, अवघडलेला माणूस.

बायकांच्या आवाजासाठी मात्र जात्यापाशीच जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यातल्या कित्येक गाताना ध्वनिमुद्रित केल्या, आणि 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहामुळं आज त्या घरबसल्या ऐकता येतात. ओवी वाचणं आणि ऐकणं यातला फरक एकदा अनुभवून बघा. कागदावर दोन ओळी असतात. आवाजात दुसरी बाई कधी सूर धरते, कुठं श्वास तुटतो, कुठल्या शब्दाला दोघी थांबतात, हे सगळं असतं. सासूविरुद्धची ओवी कुठली बाई दबक्या आवाजात म्हणते आणि कुठली ठणकावून, हे कागद कधीच सांगणार नाही.

आठवण चुकते तेव्हा

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा. काही ध्वनिमुद्रणं ही घटना घडत असतानाची असतात : सभेतलं भाषण, मैफल, आकाशवाणीची बातमी. काही मात्र पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण असतात. तात्यांची कॅसेट दुसऱ्या प्रकारची. ती १९४३चा पुरावा आहे, आणि त्याहून जास्त ती १९९३चा पुरावा आहे. सत्तरीतला एक शेतकरी, स्वातंत्र्य मिळून पंचेचाळीस वर्षं झाल्यावर, शिकलेल्या पुतण्यासमोर आपली तरुणाई कशी मांडतो, हे ती दाखवते.

आठवण मग विश्वासाची नाही का? काही बाबतींत फार विश्वासाची. शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे तूफान सेनेनं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या, प्रतिसरकारच्या, लढाऊ तुकडीनं अडवली ती ७ जून १९४३ रोजी. तात्यांना तारीख सांगता येत नाही. ते म्हणतात, "मिरीग निगाला हुता, कुरी बाहेर काढायची गडबड चालल्याली." मृग नक्षत्र निघतं ते सात-आठ जूनला. शेतकऱ्याची आठवण कॅलेंडरवर चालत नाही, नक्षत्रावर चालते. तुम्हाला तो हिशोब येत असेल तर तारीख हाती लागते. 'कुरी' म्हणजे पेरणीचं अवजार. तो शब्द मामानं पानांवर 'पेरणी' केला आणि तो दुवा अर्धा पुसला.

काही बाबतींत आठवण ठाम चुकते. धुळ्याकडं सरकारी खजिना ताब्यात घेतल्याची गोष्ट तात्या शेणोलीच्या आधीची म्हणून सांगतात. ती नंतरची, १९४४ची. अशा चुकीचं काय करायचं याचं उत्तर इटलीतल्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं दिलंय. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीबारात मेला. मोर्चा होता इटलीनं नाटोत जाऊ नये म्हणून. पोर्तेल्लीनं पुढं म्हाताऱ्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर बरेच जण सांगायचे की तो १९५३ साली मेला, कारखान्यातून हजारोंना काढलं त्या लढ्यात. खोटं कुणी बोलत नव्हतं. नाटो त्यांना लांबचं होतं, नोकरी जाणं जवळचं. आपल्या माणसाचं मरण त्यांनी आपल्या खऱ्या दुखण्याशी नेऊन जोडलं होतं. चूक कागदानं पकडायची, पण ती का झाली हे आवाजातच शोधायचं.

तात्यांच्या बाबतीत मला वाटतं ते असं. धुळ्याची गोष्ट ते मोठ्या आवाजात, न अडखळता, शब्द जागच्या जागी ठेवून सांगतात. ती शंभरदा सांगितलेली आणि ऐकलेली गोष्ट आहे, तात्या काही धुळ्याला गेले नव्हते. म्हणून ती आधी येते. शेणोलीबद्दल ते तुटक बोलतात, हात कशाला तरी पुसल्यासारखा आवाज येतो, वाक्य अर्ध्यात सोडतात. तिथं ते आठवत असतात. घोटून गुळगुळीत झालेली गोष्ट आणि ताजी, खरबरीत आठवण यातला फरक कानाला चटकन कळतो. छापील पानावर दोन्ही सारख्याच दिसतात.

शब्दांचंही तसंच. तात्या सुरुवातीला मामासमोर 'प्रतिसरकार' म्हणतात, जोडाक्षर जपून. आज्जी मध्ये बोलून जाते, हसणं होतं आणि तिथून पुढं ते 'पत्री सरकार' म्हणायला लागतात. नाना पाटलांच्या या सरकारला सातारा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अखंड साताऱ्यात, कारण आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता, लोक पत्री सरकारच म्हणत. फितुरांच्या तळपायाला नालासारख्या पत्र्या ठोकतात अशी आवई त्यातूनच उठली. चळवळीतले लोक सांगायचे की शिक्षा तळपायावरच्या काठीच्या फटक्यांची होती. एका शब्दात दरारा, अफवा आणि लोकांची जीभ एकत्र आलीय. टाईप केलेल्या पानांत सगळीकडं एकसारखं 'प्रतिसरकार' आहे. तसंच 'लूट' या शब्दाचं. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे तूफान सेनेतले रामचंद्र लाड, नव्वदी उलटल्यावर दिलेल्या मुलाखतीतही सांगत राहिले की आम्ही गाडी लुटली म्हणू नका, इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला. पोलिसांच्या कागदात हा वाद सापडायचा नाही.

घड्याळाची टिकटिक

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटच्या पाच-सात मिनिटांत तात्यांचा आवाज चढत जातो. बोलणं भराभर होतं, सूर बारीक होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा माणूस तरुणपणीच्या आठवणीनं पेटलाय असं वाटलं. मी तसं लिहूनही ठेवलं.

पाचव्या-सहाव्यांदा हेडफोन लावून ऐकताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कानात आली. आणि ती टिकटिकसुद्धा भराभर होत होती. घड्याळ काही भावनेच्या भरात येत नाही. मागं जाऊन ऐकलं तर अठराव्या मिनिटापर्यंत खाली बारीक घुमणारा एक 'हूं' आवाज आहे, विजेवर चाललेल्या यंत्राचा, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा. तिथं तो एकदम तुटतो. मामा काहीतरी पुटपुटतो, खटका वाजतो, पुन्हा बोलणं सुरू. लाईट गेली होती. पुढचं सगळं सेलवर भरलं. सेल उतरत गेले तशी टेप हळू फिरली. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज जलद आणि चढा येतो. तात्या शेवटपर्यंत शांतपणेच बोलत होते. घड्याळाच्या टिकटिकीवरून मी वेग सरळ केला तेव्हा त्यांचा खरा आवाज निघाला, दमलेला, संथ. मला तो आधीच्यापेक्षा जड गेला.

म्हणून माणसाच्या आधी यंत्र ऐकायचं. वीज कुठं गेली, खटका कुठं वाजला, म्हणजे कुणी टेप थांबवली आणि का, आधीचं काही पुसून त्यावर भरलंय का. कधीकधी शब्द यायच्या आधीच क्षणभर त्याची अंधूक सावली ऐकू येते. घरच्यांना ते भुताटकीचं वाटतं, पण एकावर एक गुंडाळलेल्या टेपचा चुंबकी ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो, त्याचा तो परिणाम.

यानंतर प्रश्न विचारणारा ऐकायचा. मामा विचारतो, "चळवळीत आपला सहभाग काय होता?" 'आपला सहभाग' म्हटल्यावर तात्यांनी स्वतःचाच सहभाग सांगितला, त्यात त्यांचं काय चुकलं? मामानं 'तेव्हा घरात काय चाललेलं?' असं विचारलं असतं तर कदाचित आज्जीला दारातून ओरडावं लागलं नसतं.

आणि शांतता. दुसऱ्या बाजूला मामा विचारतो, "अठ्ठेचाळीसच्या जळितात गावात काय झालं?" गांधीजींच्या खुनानंतर सातारा-सांगलीकडं ब्राह्मणांची घरं जाळली गेली, ते जळीत. पानांवर लिहिलंय : 'याविषयी त्यांनी काही सांगितले नाही.' टेपवर चौदा सेकंद आहेत. तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज. बाहेर एसटीचा हॉर्न. मग तात्या अगदी हळू म्हणतात, "ते ऱ्हाऊ दे." माझ्या ओळखीतल्या एकीनं हे ऐकून लगेच म्हटलं, म्हणजे तेही होते त्यात. मी तसं म्हणू शकत नाही. चौदा सेकंदांत अपराध मावतो, भीती मावते, शेजाऱ्याच्या घराची लाज मावते, आणि शिकलेल्या पुतण्याला यात ओढायचं नाही ही काळजीही मावते. कुठली, ते ही टेप सांगत नाही. गावात त्यावर पंचेचाळीस वर्षांनीही सहज बोलता येत नव्हतं, एवढंच ती पक्कं सांगते. आणि 'काही सांगितले नाही' यापेक्षा ते फार मोठं आहे.

माळ्यावरच्या पिशव्या

अशा कॅसेटी आपल्या भागात घरोघर आहेत. भजनी मंडळांच्या, तमाशाच्या, कीर्तनाच्या, परगावी गेलेल्या लेकानं पाठवलेल्या बोलक्या पत्रांच्या. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेनं सांगलीत किती घरांतल्या अशा पिशव्या नेल्या याची कुणी मोजदाद केली नाही. माझ्या एका मैत्रिणीनं भिजलेल्या कॅसेटी उन्हात कडक वाळवल्या आणि लगेच वाजवून बघितल्या. पहिलीच अडकून फाटली, बाकीच्या तिनं टाकून दिल्या. टाकायला नको होत्या. पुराच्या पाण्यानं टेपवरचा चुंबकी ठसा सहसा जात नाही, जातो तो गाळानं, बुरशीनं, उन्हानं आणि आपल्या घाईनं. स्वच्छ, जमल्यास डिस्टिल्ड पाण्यानं गाळ धुवायचा, सावलीत सावकाश वाळवायचं आणि जाणकाराच्या हाती जाईपर्यंत वाजवायचं नाही.

कोरडी कॅसेट असेल तर पाठीमागच्या प्लॅस्टिकच्या खुट्ट्या आधी मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. चांगल्या, साफ केलेल्या डेकवर वाजवून संगणकावर घ्या, आणि पहिली प्रत डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. एका तासाला मोनोमध्ये साधारण एक जीबी लागतो. एमपीथ्री ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत, जपायची नव्हे. ती छोटी करताना बारीक आवाज गाळते, आणि आज्जीचा आवाज बारीकच होता. हल्ली एका बटणावर 'नॉइज' काढून देणारी साधनं आहेत. आमच्या कॅसेटवर मी एक वापरून बघितलं. तात्यांचा आवाज काचेसारखा स्वच्छ आला. खोकला गेला, घड्याळ गेलं, आणि आज्जीही गेली. ऐकायला सोपी प्रत हवी तर वेगळी करा, मूळ प्रतीला हात लावू नका. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक नदीपासून लांब.

नवीन टेप करत असाल तर फोन पुरतो. पंखा बंद करा, घड्याळ राहू द्या. सुरुवातीला तारीख, गाव, कोण कोण बसलंय ते बोला. समोरच्याची परवानगी आधी घ्या आणि ती टेपवरच घ्या. हे कुणाकुणाला ऐकवलं तर चालेल तेही विचारा. तात्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते चौदा सेकंद मी घराबाहेर फक्त दोघा-तिघांना ऐकवलेत आणि गावाचं नाव इथं लिहिलेलं नाही.

तात्या १९९८ साली गेले, आज्जी त्याच्या पुढच्या वर्षी. 'त्या पोरीनं' म्हणजे कुणी, हे विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांकडं चौकशी करत वर्ष गेलं. शेवटी एकीनं सांगितलं, ती पलूसकडं दिली होती, अजून आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले. नव्वदी पार, कानानं कमी, पण जीभ लखलखीत. सुनेनं चहा ठेवला, मी फोन मधल्या पाटावर ठेवला, तारीख बोलले, गाव बोलले. म्हटलं, आजी, आता तुमचं नाव सांगा. तिनं विचारलं, "सासरचं का म्हायेरचं?" मी म्हटलं, भाकरी नेल्या तेव्हाचं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, स्वतःचं, बापाचं, आडनावासकट, शाळेत हजेरीला द्यावं तसं. कित्येक वर्षांत ते तिनं मोठ्यानं उच्चारलं नसावं, कारण सून वळून बघायला लागली.

मग मी विचारलं, भीती वाटायची का? पोलीस बघतील, भूमिगत कुठं लपलेत ते कळेल, हे ठाऊक होतं का? तिनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्यातलं कायबी ठावं न्हवतं," ती म्हणाली. "पाटी जड हुती, त्येवढं ध्यानात हाय."